मार्तंडशी अडतीस टक्के

प्रा. हेमंत कुरुंदवाडे यांना ‘सातवा खांब’ या कादंबरीत अडतीस टक्के मिळाले, तेव्हा खोलीत तीन माणसं होती आणि तिघांपैकी एकही हसलं नाही. सांगलीत ही मोठीच सभ्यता म्हणायची. कारण ‘सातवा खांब’ म्हणजे कुरुंदवाडे सर, हे कृष्णेच्या दोन्ही काठांना माहीत होतं. एकतीस वर्षं त्यांनी ती कादंबरी शिकवली होती. तिच्यावरचं गाईड लिहिलं होतं. आणि हे फक्त घरात माहीत होतं, की ते आयुष्यही त्या कादंबरीच्या नायकाला विचारून जगत आले होते.

ही परीक्षा कॉलेजातली नव्हती. पुण्याच्या पटांगण नावाच्या कंपनीनं कादंबरीचा खेळ तयार केला होता. चष्मा चढवायचा, मनगटाला पट्टा बांधायचा आणि तारमास्तर मार्तंड सोनटक्के व्हायचं. कादंबरीत आहे ते आणि कादंबरीत नाही तेही समोर येत राहतं. प्रत्येक वेळी मार्तंड जे करेल ते तुम्ही करायचं. शेवटी यंत्र तुमचं ‘इमान’ सांगतं, शंभरपैकी. खेळ दिवाळीला बाजारात यायचा होता. त्यावर तज्ज्ञाचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि तज्ज्ञ सांगलीत राहतात असं कंपनीला कळलं होतं.

‘सातवा खांब’ची गोष्ट थोडक्यात सांगायला हरकत नाही, विद्यार्थ्यांनी ती नेहमी थोडक्यातच वाचली आहे. कै. भा. वि. निमदेव यांनी लिहिलेला मार्तंड एका आडगावच्या जंक्शनवर तारमास्तर असतो. खोटी तार पाठवायला तो सावकाराला नकार देतो. त्याचा थोरला भाऊ धोंडो त्याच्या गैरहजेरीत ती तार पाठवून टाकतो. अकरा वर्षं दोघं बोलत नाहीत. मग एका दुपारी धोंडो येऊन दाराबाहेर उभा राहतो, हाक मारतो, आणि प्रकरण संपतं ते या वाक्यावर: ‘मार्तंडचा हात कडीवर गेला.’ पुढचं प्रकरण दोन वर्षांनी सुरू होतं आणि त्यात धोंडोचं नावही नाही.

कडी काढली, की आधीच लोटलेल्या दाराला लावली? महाराष्ट्रातल्या कला शाखेच्या किती पिढ्या या प्रश्नानं वैतागल्या. कुरुंदवाडे सरांनी तरुणपणी खुद्द निमदेवांनाच संमेलनाच्या जेवणाच्या रांगेत गाठून विचारलं होतं. निमदेवांनी ताटात जिलबी घेतली आणि म्हणाले, “मला काय माहीत? मी बाहेर उभा होतो.” सरांनी ते भुकेपोटी केलेलं विधान समजून सोडून दिलं.

“सर, अडतीस म्हणजे अगदीच वाईट नाही,” कंपनीची इंजिनियर ओवी भोकरे म्हणाली. वय सत्तावीस, आवाज मऊ. “एका समीक्षकांना एकवीस आले होते.”

“कुठल्या?” सरांनी आशेनं विचारलं.

“ते नाही सांगता येत.”

“तुमचा पट्टा बिघडलाय.”

ओवीनं पट्टा स्वतःच्या हाताला बांधून दाखवला. “पूर्वीच्या खेळात पर्याय समोर लिहून यायचे ना सर, अ, ब, क? लोक विचार करून, कुठंतरी वाचून बरोबर तेवढं निवडायचे. आम्हाला ते नको होतं. आता बघा, हात हलवायचा असं आपण ठरवतो असं आपल्याला वाटतं. पण त्याच्या अर्धा सेकंद आधीच मेंदूत तयारीची एक लहर उठलेली असते. हाताच्या स्नायूंकडे निरोप निघालेला असतो. पट्टा तो निरोप मनगटात वाचतो. तुम्ही विचार करेपर्यंत खेळातला हात हललेला असतो.”

“म्हणजे मी ठरवायच्या आधी?”

“तुम्हीच ठरवलेलं असतं सर. फक्त तुम्हाला कळवलेलं नसतं.”

“आमच्या जिल्हा परिषदेसारखंच की,” वैजयंतीबाई म्हणाल्या. सरांच्या या पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या.

सरांनी पडद्यावर आपला निकाल पुन्हा पाहिला. पाटलानं आंब्यांची करंडी पाठवली होती. मार्तंड ती झिडकारतो हे बारावीच्या मुलालाही ठाऊक. सरांच्या हातानं एक आंबा उचलला होता.

“वास घेतला नुसता,” सर म्हणाले.

“चार टक्के गेले त्यात,” ओवी म्हणाली.

गोरा साहेब टेबलावर मूठ आपटून ओरडला, तेव्हा मार्तंडनं ताठ उभं राहायला हवं होतं. सरांचे हात आपोआप जोडले गेले होते. आणि शेवटी दारावर धोंडोची हाक आली. सरांना चांगलं आठवत होतं: कडी लावायची असं ते मनाशी म्हणत होते, स्पष्ट शब्दांत म्हणत होते. तेवढ्यात दार उघडलेलं दिसलं. दारात धोंडो होता आणि त्याच्या मागे लख्ख ऊन. पडद्यावर अक्षरं आली: ‘हा मार्तंड नाही.’

“मी खेळून बघू का?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“तू कादंबरी कुठं वाचलीयस?”

“लग्नानंतर तुम्ही दिली होती की. एकतीस पानं झाली होती.”

त्यांनी चष्मा चढवला, पदर खोचला आणि पाऊण तास खेळल्या. ओवी मध्येच आपल्या पडद्याकडे बघून खुर्चीत सरळ झाली. वैजयंतीबाईंना एक्याण्णव टक्के मिळाले. कंपनीत तोवर कोणालाच एवढे मिळाले नव्हते.

“काकू, कसं काय केलंत?”

“कुठं काय केलं? समोर काही आलं की हे काय करतील तेच हातून व्हायचं. चौतीस वर्षं झाली, आता वेगळा विचार लागत नाही. आंबे आले, परत. साहेब ओरडला, तोंड फिरवलं. दादा आले—” बाई थांबल्या. चष्मा काढून त्यांनी तो पदरानं पुसला. “तो धोंडो आला, कडी.”

ओवीला काही कळलं नाही. सरांना कळलं, पण नेमकं काय कळलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

*

दादा म्हणजे सरांचे थोरले भाऊ मिलिंद. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे, मुक्काम मिरज. सांगली ते मिरज दहा किलोमीटर. दोघा भावांची भेट होऊन एकोणीस वर्षं झाली होती.

भांडण पुस्तकावरून झालं होतं. वडील गेल्यावर जुनं घर रिकामं करताना दादांनी कपाट रद्दीवाल्याला दिलं, आतल्या पुस्तकांसकट. त्यात वडिलांची ‘सातवा खांब’ होती. पहिली आवृत्ती, निमदेवांची सही, समासात वडिलांच्या अक्षरातल्या पेन्सिलीच्या खुणा. दादांना वाटलं, नव्या आवृत्त्या निघतातच की. आठवड्यानं ते नवी प्रत घेऊन धाकट्या भावाच्या दारात आले आणि त्यांनी हाक मारली, “हेमा!” सर आत होते. दार नुसतं लोटलेलं होतं. सर उठले, दारापाशी गेले, आणि अशा वेळी मार्तंड काय करतो हे महाराष्ट्रात सर्वांत जास्त खात्रीनं सांगू शकणारा माणूस तेच असल्यामुळे त्यांनी कडी लावली. लावल्यावर आतून एक वाक्यही बोलले. दादा थोडा वेळ उभे राहिले. मग चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला. पुन्हा ते आले नाहीत.

ओवी हॉटेलवर गेल्यावर वैजयंतीबाई कुकर लावता लावता म्हणाल्या, “वहिनींचा फोन होता. गुरुवारी सकाळी दादांचं ऑपरेशन आहे. हृदयाची झडप बदलायचीय. धोका आहे म्हणाल्या.”

आज सोमवार होता.

“मला सांगायला सांगितलं का त्यांनी?”

“नाही. पण मला सांगितलं म्हणजे काय भिंतीला सांगितलं?”

“मग आता मी काय करू?”

“हे मला विचारताय, का त्याला?” बाईंनी शिट्टी बसवली. “त्याला विचारणार असाल तर मी पोळ्या करते.”

सर गॅलरीत जाऊन उभे राहिले. एकोणीस वर्षं त्यांना हे ठाऊक होतं की आपण करारी आहोत. करारीपणाचा त्रास होतो, पण त्याचं एक समाधानही असतं. चष्म्याच्या नंबरासारखी ती ठरलेली गोष्ट असते. आज एका पट्ट्यानं सांगितलं होतं की यांचा हात आंबे घेतो, साहेबापुढे जुळतो आणि भावाला दार उघडतो. मग एकोणीस वर्षांपूर्वी कडी लावली ती कोणी? आणि वैजूच्या हातानं आज लावली ती कोणाची?

*

मंगळवारी ओवी आली तेव्हा सरांनी आक्षेपांची यादी तयार ठेवली होती. “मार्तंड अमुक करेल आणि तमुक करणार नाही, हे तुमच्या यंत्राला कोण सांगतं? निमदेव तर गेले.”

“स्वभावयंत्र सांगतं, सर. माणसाबद्दल पुरेसा मजकूर दिला की तो कशावर चिडतो, कशाला भुलतो, कुठं अडतो, याचा त्यातून एक साचा तयार होतो. मग पुस्तकात नसलेला प्रसंग आला तरी त्या साच्यातून उत्तर निघतं.”

“पुरेसा म्हणजे किती? कादंबरी दोनशे बारा पानांची आहे.”

ओवी थोडी घुटमळली. “तीच अडचण होती. दोनशे बारा पानांत साचा बसत नाही, सर. निमदेव फार कमी सांगतात. शिवाय मार्तंड बोलतच नाही. यंत्र दर वेळी पन्नास-पन्नास टक्केच म्हणायचं. म्हणून मग कादंबरीबद्दलचा मजकूर घातला. लेख, प्रबंध. आणि उत्तरपत्रिका.”

“कसल्या उत्तरपत्रिका?”

“‘मार्तंडचे स्वभावचित्र रेखाटा.’ दहा गुण. एकसष्ट हजार उत्तरपत्रिका मिळाल्या आम्हाला, नावं काढून. त्या घातल्यावर साचा एकदम घट्ट बसला. इतकी एकवाक्यता कुठल्याच पात्राबद्दल सापडली नव्हती.” ओवीच्या चेहऱ्यावर वैज्ञानिक आनंद होता. “सगळ्यांचा मार्तंड अगदी एकच होता, सर.”

सरांनी डोळे मिटले. एकसष्ट हजार मुलांचा मार्तंड एकच असण्याचं कारण त्यांना ठाऊक होतं. ते कारण गुणवर्धन प्रकाशनानं छापलं होतं, किंमत नव्वद रुपये, ‘सुलभ सातवा खांब: संपूर्ण प्रश्नोत्तरे’. अकरा दिवसांत लिहिलं होतं. कडीच्या परिच्छेदाशी आल्यावर सरांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं की इथं लेखक मौन बाळगतो. प्रकाशकाचा फोन आला होता, “सर, मौनाला गुण किती?” तेव्हा सरांनी ते वाक्य खोडून लिहिलं: ‘मार्तंड कडी लावून घेतो. यातून त्याचा करारी बाणा दिसतो.’ हे दादा दारात येण्याच्या पाच वर्षं आधीचं.

“म्हणजे माझा गुरू मीच,” सर स्वतःशी म्हणाले.

“काय सर?”

“काही नाही. याला विचारता येतं का काही? खेळाबाहेरचं?”

ओवीनं यंत्र उघडून दिलं. सरांनी दोन बोटांनी टाइप केलं: मार्तंडच्या थोरल्या भावाचं मोठं ऑपरेशन आहे. भाऊ दहा किलोमीटरवर आहे. मार्तंड जातो का?

उत्तर क्षणात आलं. जात नाही, ब्याण्णव टक्के. खाली कारणं होती. एक, मार्तंडचा बाणा करारी आहे. दोन, तत्त्वापुढे त्याला नाती दुय्यम वाटतात. तीन, तो अंतर्यामी व्याकूळ होतो परंतु ते दाखवत नाही. ‘अंतर्यामी व्याकूळ’ वाचून सरांना त्या अकरा दिवसांतली उकाड्याची दुपार आठवली. व्याकूळ त्या वेळी ते स्वतःच होते, पंखा बंद होता म्हणून.

“मुलांना दोन्ही करता येईल असं ठेवा,” सर म्हणाले. “कडी काढली तरी मार्तंड, लावली तरी मार्तंड.”

“मग इमान कसं मोजणार सर? लोक टक्क्यांसाठी खेळतात.”

सरांची सगळी नोकरी याच मुद्द्यावर झाली होती. त्यांनी प्रमाणपत्राचा कागद घेतला आणि लिहिलं: ‘हे यंत्र माझ्या गाईडशी पूर्णपणे प्रामाणिक आहे असे मी प्रमाणित करतो.’ ते त्यांना फार बोचरं वाटलं. ओवीनं वाचलं, दोनदा आभार मानले आणि कागद जपून घडी घालून नेला.

*

बुधवारी सरांनी ‘सातवा खांब’ पुन्हा वाचून काढली. वेगळंच पुस्तक लागलं हाताला. मार्तंड त्यांना कुठं करारी दिसला, कुठं नुसता घाबरलेला, कुठं अंगात कणकण असल्यासारखा. एकदा तर त्याला भूक लागली होती एवढंच कारण पुरेसं वाटलं. संध्याकाळी पुस्तक मिटताना त्यांना सोमवारी होतं त्याहून कमी कळत होतं.

“काय म्हणतो?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“काही म्हणत नाही गं तो. कधीच म्हणत नव्हता.”

“मग उद्या सकाळी सहाला रिक्षा सांगितलीय. आला नाहीत तर मी एकटी जाईन.”

सकाळी सहाला सर पायात चपला घालून जिन्यात उभे होते. आपण जायचं ठरवलं कधी, हे त्यांना रिक्षा विश्रामबागेपर्यंत पोचली तरी आठवेना.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात दादा हिरव्या अंगरख्यात पलंगावर बसले होते. केस पांढरे झाले होते आणि खांदे अरुंद. वैजयंतीबाई वहिनींना घेऊन बाहेर व्हरांड्यात गेल्या.

“आलास?” दादा म्हणाले.

“आलो.”

“कसा काय?”

“रिक्षानं.”

“तसं नाही रे. तू येणार नाहीस असं होतं ना.”

“कुठं होतं?”

“गाईडात.”

सर पलंगाच्या कडेला टेकले. दादांनी पाय सरकवून जागा केली.

“तू त्या दिवशी आतनं ओरडलास, आठवतंय? ‘सातवा खांब वाच, म्हणजे कळेल!’ हातात प्रत होतीच. घरी जाऊन वाचायला घेतली. खांब, वारा, तारा, परत खांब. वीस पानांत हात टेकले बघ. आम्ही कालवे काढणारी माणसं. मग स्टँडवरनं तुझं गाईड आणलं. ते झकास आहे. महत्त्वाचं सगळं ठळक अक्षरात.”

“दादा—”

“ऐक तर. सत्तेचाळीस पान. ‘धोंडो पुन्हा दाराशी येत नाही. यातून त्याचाही स्वाभिमान दिसून येतो.’ म्हटलं, हेमानं एवढं स्पष्ट छापून ठेवलंय, म्हणजे त्याला हेच हवंय. आपण चुकलोय, निदान हे तरी त्याच्या मनासारखं करू. दोन-तीनदा तुझ्या गल्लीच्या तोंडाशी आलो होतो रे. शेवग्याच्या शेंगा घेऊन. मग वाटलं, नको. तुझ्या धोंडोचं बिघडायचं.”

सरांनी पलंगावरची चादर सरळ केली. मग ते म्हणाले, “तो चौथा मुद्दा होता.”

“कसला?”

“चार गुणांचा प्रश्न होता. धोंडोचं स्वभावचित्र. तीन मुद्दे झाले होते, चौथा सुचत नव्हता.”

दादांनी त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे मी एकोणीस वर्षं चौथ्या मुद्द्यासाठी घरी बसलो?”

“एक गुण होता त्याला,” सर म्हणाले.

दादा हसले. हसता हसता छाती धरली, हातानंच ‘काही नाही’ अशी खूण केली आणि पुन्हा हसले. “नालायका. आणि पुढं काय होतं रे त्या दोघांचं? गाईडात नाही.”

“कादंबरीतही नाही. एकदम दोन वर्षं झालेली असतात.”

“दोनच? मला डॉक्टर पाच म्हणतायत. झडप टिकली तर.”

सरांना यावर हसायचं की नाही ते कळेना. मार्तंड काय करेल हा विचार सवयीनं आला, दारात उभा राहिला आणि कोणी लक्ष देत नाही असं बघून निघून गेला.

नर्स स्ट्रेचर घेऊन आली, मागोमाग वहिनी आणि वैजयंतीबाईही. “आतल्या दारापर्यंत एकच नातेवाईक चला. कोण येतंय?”

“मी,” असा आवाज आला. तो आपलाच होता हे सरांना वहिनी मागे सरकल्या तेव्हा कळलं.

व्हरांडा लांब होता. स्ट्रेचरचं एक चाक कुरकुरत होतं. दादा छताकडे बघत म्हणाले, “हेमा, भीती वाटतेय का रे?”

“कोणाला?”

“तुला.”

“हो,” सर म्हणाले.

“मला पण.”

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी नर्स थांबली. “आजोबा, कवळी काढा. आत चालत नाही.” दादांनी तोंडात बोटं घालून कवळी काढली, इकडेतिकडे पाहिलं आणि ती सरांच्या हातात दिली. दातांविना त्यांचा चेहरा एकदम वडिलांसारखा झाला. ते काहीतरी म्हणालेही, पण शब्द लागले नाहीत. दार उघडलं, स्ट्रेचर आत गेलं, दार मिटलं.

सर तिथंच उभे राहिले. कवळी ओली होती आणि अजून कोमट होती. रुमालात गुंडाळावी तर रुमाल सकाळपासून वापरलेला. खिशात ठेवावी तर किल्ल्या. भावाची कवळी कशी धरायची असते, याबद्दल कुठं काही वाचल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली.